स्वस्त जमीन आणि विसाव्याचे घर

शेतकऱ्याच्या आयुष्यात एक काळ असा येतो की, औताचा कासरा मुलाच्या हाती गेलेला असतो, देणेघेणे बहुतेक फिटलेले असते, आणि मनात अशी इच्छा उत्पन्न होते की, गलबल्यापासून थोडे बाजूस, स्वतःच्या मालकीच्या भूमीवर दोन खणांचे साधे घर असावे. पुढे ओसरी, जवळ पाणी, भोवती दहापाच झाडे, आणि उरलेले दिवस तेथे शांतपणे जावेत. ही इच्छा चैनीची आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याने जन्मभर उघड्या आकाशाखाली काम केले, त्यास उतारवयात चार भिंतींचा कोंडवाडा सोसत नाही, हे स्वाभाविकच आहे.

परंतु ही इच्छा पुरी करावयास निघालेला मनुष्य सर्वांस एकच प्रश्न विचारतो : “जमीन स्वस्त कोठे मिळेल?” हा प्रश्न अपुरा आहे, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेख आहे. बाजारात बैल घेताना आपण नुसता भाव विचारीत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मग ज्या भूमीवर आयुष्याचा शेवटचा मुक्काम करावयाचा, ती केवळ एकरी भावावरून कशी घ्यावी?

मुकुंदवाडीची गोष्ट

हा विषय आम्ही मुकुंदवाडीच्या निमित्ताने मांडीत आहो, याला कारण आहे. औरंगाबादेहून, म्हणजे २०२३ पासून ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराहून, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे एक शेतकऱ्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग या भागातून गेला, तरी गावाची काळी काळीच राहिली. पुढे शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, विमानतळ आला. १९७० नंतरच्या दशकात सिडकोने नव्या शहराची आखणी केली. आणि १९८२ साली महानगरपालिका स्थापन होऊन भोवतालची गावे शहरात गेली. आज मुकुंदवाडी हे शहरातील एक गजबजलेले उपनगर आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी येथे ज्वारी-बाजरी पेरली, त्यांच्या दारापुढून रात्रंदिवस मोटारी धावतात.

अशा कुटुंबांपैकी काहींच्या हाती भूसंपादनाचा मोबदला आला, काहींनी स्वतःच जमिनी विकल्या, काहींच्या वाट्यास भाड्याच्या चार खोल्या राहिल्या. या घरांतील वृद्ध मंडळी आता पूर्वेस करमाड-बदनापूरकडे, उत्तरेस फुलंब्रीकडे, दक्षिणेस आडूळ-पाचोडकडे किंवा पैठणच्या वाटेस जमीन पाहत हिंडतात. त्यांच्या हातातील पैसा हा व्यापाऱ्याच्या नफ्याप्रमाणे पुनः येणारा पैसा नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळीचा शेवटचा अंश आहे. तो एकदा खोट्या कागदात किंवा कोरड्या विहिरीत गेला की कुटुंब कायमचे भूमिहीन झाले. आज जे मुकुंदवाडीस घडले, तेच शहरालगतच्या प्रत्येक गावी उद्या घडावयाचे आहे. तस्मात् इतर गावच्या वाचकांनीही हा विषय परका मानू नये.

भाव चढतो तो कशाने, हे प्रथम ध्यानात घ्यावे. शेंद्रे आणि बिडकीन येथे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑरिक’ नावाची वसाहत उभी राहिली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात आणि शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. या दोहोंच्या आसपास जमिनीचा भाव हा पिकावर ठरत नसून आशेवर ठरतो. ज्यास विसावा पाहिजे, व्यापार नको, त्याने अशा ठिकाणी आशेची किंमत का द्यावी? जो रस्ता आज भाव चढवितो तोच उद्या गलबला घेऊन येतो, हे मुकुंदवाडीकरांस दुसऱ्याने सांगावयास नको. सबब, मोठ्या रस्त्यापासून आत, परंतु एस. टी. अगर आगगाडीच्या स्थानकापासून वृद्ध माणसास जाता-येता येईल इतक्या अंतरावर, अशी गावे पाहावीत. दवाखाना किती दूर आहे हेही त्याच वेळी पाहावे. साप-विंचवाचे भय रानातील घरास नेहमीचेच आहे.

काळीत पेरावे, पांढरीत राहावे

आपल्या जुन्या दप्तरांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : ‘काळी’ म्हणजे पेरणीची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. या दोन शब्दांत घर बांधणाराकरिता मोठे शहाणपण साठविलेले आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घालून भिंत उभारली की, दोनतीन वर्षांत भिंतीस तिरप्या चिरा पडू लागतात, चौकटी आवळतात, फरशी उचलते. हे टाळावयाचे तर काळी खणून खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा लागतो. आणि जेथे काळी आठदहा फूट खोल आहे, तेथे पायातच अर्धे घर पुरले जाते.

उलटपक्षी, माळाची बरड जमीन पाहावी. पीक येत नाही म्हणून शेतकरी तिला नावे ठेवतो आणि भावही कमी असतो. पण वीतभर मातीखाली घट्ट मुरूम असतो. पाया थोडक्यात होतो. पावसाचे पाणी साचून राहत नाही, म्हणून ओल नाही आणि डासही कमी. घरास जी जमीन उत्तम, तीच शेतीस सर्वांत हलकी, आणि म्हणून स्वस्त. स्वस्त घराचे पहिले रहस्य हेच की, काळीचा भाव देऊन तिच्यावर घर बांधू नये. काळी घ्यावयाची असेल तर ती पिकाकरिता घ्यावी.

यावरून दुसरी गोष्ट ओघानेच येते. ज्या वाचकाजवळ आज पाचदहा एकर जमीन आहे, त्याने विसाव्याच्या जागेचा शोध आपल्याच बांधापासून सुरू करावा. प्रत्येक शेतात एखादा कोपरा असा असतो की, जेथे पाभर चालत नाही, दगड वर आलेले असतात, आणि वर्षानुवर्षे तो बांधाच्या पोटात पडून राहतो. तो कोपरा विकत घ्यावा लागत नाही, त्याचा कागद तपासावा लागत नाही, शेजारी ओळखीचे असतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील ‘शेतघर’ या संज्ञेत अवजारे, खत, चारा व जनावरे यांबरोबर खातेदाराच्या कुटुंबीयांच्या निवासाचाही समावेश आहे. मात्र क्षेत्र, जोते आणि उंची यांच्या मर्यादा आहेत, व शहरालगतच्या पट्ट्यात आधी परवानगी लागते. ती तहसील कचेरीत विचारून मगच पाया खणावा.

पाणी : वैशाखातली परीक्षा

मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले. त्या शहराच्या भरभराटीचे एक मोठे कारण म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून वस्तीत आणण्याची त्याने केलेली व्यवस्था. चारशे वर्षांपूर्वी एक राज्यकर्ता जाणत होता की, येथील वस्ती पाण्याच्या आधाराने टिकते. आज मात्र जमिनीचा सौदा भाद्रपदात, हिरवे गवत पाहून केला जातो!

आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. येथे भूमीच्या पोटात पाण्याचे समुद्र नाहीत. वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या खडक आणि पाषाणातील फटी यांत जेवढे पावसाचे पाणी मुरेल तेवढेच हाती लागते. म्हणून एका शेतात विहिरीस पाणी आणि शेजारच्या शेतात तीनशे फूट खोल विंधण कोरडे, असे घडते. विकणाराने ‘पाणी भरपूर’ म्हटल्यावर विसंबू नये. चैत्र-वैशाखात जाऊन शेजारच्या दोनतीन विहिरी स्वतः पाहाव्यात. उपसा केल्यावर पाणी किती तासांनी पूर्वीच्या पातळीस येते ते विचारावे. आणि २०१२ व २०१५ या दुष्काळी वर्षांत त्या विहिरींचे काय झाले होते हे गावच्या वृद्धांस पुसावे. ज्या विहिरीने ती दोन वर्षे काढली, ती विहीर भरवशाची.

धरणाच्या काठची जमीन पाहून पुष्कळांस मोह पडतो. पैठणच्या नाथसागराच्या काठी पाणी ओसरल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, ती संपादन झालेली सरकारी जमीन आहे. ती हंगामापुरती लागवडीस दिली जाते, विकली जात नाही. तिचा सौदा कोणी सांगितला तर तेथूनच परत फिरावे.

विहीर नसली तरी साध्या घरास पिण्याचे पाणी छपरावरून मिळू शकते, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. या भागात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, आणि छप्पर ५० चौरस मीटरांचे असले, तर ३५,००० लिटर पाणी पडते. गळती व उडणे यांची पाचवा हिस्सा तूट वजा केली तरी २८,००० लिटर राहते. दुष्काळात पाऊस निम्मा झाला तरी १४,००० लिटर. दोन माणसांस पिणे व स्वयंपाक यांकरिता दररोज २० लिटर लागतात असे धरले, तर पाऊस थांबल्यापासून पुढच्या मृगापर्यंत सुमारे २४० दिवसांस ४,८०० लिटर पुरतात. म्हणजे ५,००० लिटरांचे झाकलेले टाके असले की पिण्याची चिंता मिटली. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्यावे आणि टाक्याच्या तोंडाशी वाळू-कोळशाचा गाळणा ठेवावा. पिण्यापूर्वी ते पाणी उकळून घ्यावे. अंघोळ, जनावरे व झाडे यांकरिता दुसरे पाणी लागेलच. पण घसा कोरडा राहणार नाही.

वाट

भूमी स्वस्त असण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तिला वाट नसते. विकणारा शेजाऱ्याच्या बांधावरून आपणास नेतो, शेजारी हसून रामराम करतो, आणि खरेदीखत झाल्यानंतरच्या पावसाळ्यात तोच शेजारी बांधावर काटी टाकतो. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळण्याकरिता तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि चालू वाट अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. परंतु विसाव्यास गेलेल्या माणसाने तारखा मोजाव्यात, हा कसला विसावा? म्हणून वाट नकाशावर दाखविलेली आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहावे. नसेल तर ज्याच्या बांधावरून जावयाचे त्याची लेखी व नोंदलेली संमती आधी घ्यावी. आणि ती वाट श्रावणात एकदा चालून पाहावी. उन्हाळ्यात मोटार जाते त्या काळीच्या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडीही रुतते.

कागद

मराठवाड्याच्या जमिनींस निजामाच्या राजवटीचा इतिहास चिकटलेला आहे. म्हणून येथील कागद अधिक बारकाईने पाहावा लागतो. नुसता चालू सातबारा पाहून भागत नाही. त्याबरोबर आठ-अ, सर्व जुने फेरफार, आणि मागे जाऊन १९५४-५५ चे खासरा पत्रक व सेतवार यांच्या नकला घ्याव्यात. त्यांत पुढील गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट, जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. इनामाची, देवस्थानची, वक्फाची, गायरानाची किंवा १९६१ च्या कमाल धारणा कायद्याखाली वाटप झालेली जमीन स्वस्त मिळते, याचे कारण तिच्यावरील हे बंधनच होय. दुसरी गोष्ट, हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खालील संरक्षित कुळाची नोंद जुन्या कागदांत आहे काय, हे पाहावे. ती असेल तर पुढे तिचा निकाल काय लागला त्याचा कागद मिळाल्यावाचून इसारही देऊ नये. तिसरी गोष्ट हिश्शाची. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सर्व देशात २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला आहे. भावांनी विकलेल्या जमिनीवर सासरी गेलेल्या बहिणींची सही नसेल, तर ती खरेदी अर्धवट समजावी. यात कायद्याचा भाग आहे तसा न्यायाचाही आहे. बहिणीचा वाटा बुडवून घेतलेल्या भूमीवर कोणास विसावा मिळेल?

चौथी गोष्ट तुकड्याची. सध्या शहराच्या आसपास पाच-पाच, दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे ‘फार्म हाऊस’ या मोहक नावाखाली विकावयास निघतात. कोणी साध्या मुद्रांकावर लिहून देतो, कोणी वीसपंचवीस अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावून देण्याचे आश्वासन देतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांकरिता किमान क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविले गेले. झालेले काही लहान व्यवहार नियमित करण्याचे निर्णय शासन वेळोवेळी घेत असते हे खरे. पण उद्याच्या माफीवर आजची खरेदी करणे म्हणजे पावसाच्या भरवशावर धूळपेर करून बियाण्याकरिता कर्ज काढण्यासारखे आहे. गुंठेवारीचा अनुभव याच शहराचा आहे. गुंठेवारी वस्त्यांकरिता २००१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस वाढवावी लागली. म्हणजे तितकी वर्षे सामान्य माणसांनी आपले घर आपले आहे की नाही या धास्तीत काढली. २०२५ च्या जून महिन्यात मुकुंदवाडी येथे जालना रस्त्यालगतची पुष्कळ बांधकामे महानगरपालिकेने हटविली. विकास आराखड्यातील रस्त्याची रेषा आपल्या तुकड्यावरून जाते काय, हे खरेदीपूर्वी नगररचना कार्यालयात पाहण्यास एक दिवस पुरतो. न पाहिल्यास घर जाते.

पाचवी गोष्ट मुकुंदवाडीसारख्या गावच्या मंडळींकरिता विशेष महत्त्वाची आहे. शेतजमीन घेण्यास घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. नसेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून नव्या जमिनीचे खरेदीखत होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत आपला शेवटचा तुकडा विकू नये. सातबाऱ्यावरील नाव एकदा पुसले गेले म्हणजे ते पुनः लावताना फार सायास पडतात. आणि शेवटी, सौदा ठरल्यावर पण पैसे देण्यापूर्वी, भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत.

घर

जागा मिळाल्यावर घराचा विचार. येथे आम्ही एका प्रसिद्ध घराचे उदाहरण देतो. १९३६ च्या एप्रिल अखेरीस महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. गावाचे मालगुजार जमनालाल बजाज यांनी जागा दिली. घराकरिता गांधीजींची अट अशी होती की, खर्च ५०० रुपयांपलीकडे जाऊ नये आणि साहित्य व कारागीर त्याच परिसरातील असावेत. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचे ते घर आजही सेवाग्रामात उभे आहे. १९४० साली गावास सेवाग्राम हे नाव मिळाले, कारण गजानन महाराजांच्या शेगावाशी नामसाम्य असल्यामुळे टपालाचा घोटाळा होत असे.

या उदाहरणातून पुष्कळ लोक एकच धडा घेतात की, घर थोडक्यात होते. आम्ही आणखी दोन धडे घेतो. एक, त्या ५०० रुपयांत जमिनीची किंमत नव्हती. घर स्वस्त करणे आपल्या हाती असते, भूमी स्वस्त मिळणे नसते. दुसरा, त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस गांधीजींस हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या रुग्णालयात राहावे लागले. साधेपणा रोगास अडवीत नाही. म्हणून घराच्या आसपास पाण्याचे डबके राहू देऊ नये, सांडपाण्यास शोषखड्डा करावा, शौचकूप विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या बाजूस असावा, आणि खिडक्यांस बारीक जाळी लावावी. या चार गोष्टींत काटकसर करू नये.

आता भिंत आणि छप्पर. आपल्या बाजूचे जुने माळवद उन्हाळ्यात थंड असते आणि दगड-माती शेतातच मिळते, म्हणून ते सर्वांत स्वस्त वाटते. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. किल्लारी व आसपासच्या लातूर-धाराशिवच्या गावांत सुमारे ८,००० माणसे गेली, ती बहुतांशी घराखाली सापडून. दगडाच्या जाड भिंती दोन पदरी होत्या, मध्ये खडी-मातीची भर होती, दोन्ही पदरांस बांधणारे लांब दगड नव्हते, आणि वर मातीचा शेकडो मण भार होता. धक्का बसताच पदर सुटले आणि माळवद खाली आले. तात्पर्य, दगड वापरावा, पण भिंत दीड फुटाहून जाड करू नये. दर दोन फूट उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावेत. जोत्यावर, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली सळईची काँक्रीट पट्टी सर्व भिंतींवरून अखंड फिरवावी. चुन्याचा अगर सिमेंटचा दर्जा वापरावा. आणि छप्पर हलके ठेवावे. मंगलोरी कौले उत्तम. पत्रे घातले तर त्यांखाली बांबूच्या तट्ट्याचे छत करून मध्ये हवेस वाट ठेवावी, म्हणजे वैशाखातही घरात बसता येते.

आकार किती असावा? दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा दोन खोल्या शेजारी-शेजारी, आणि त्यांच्यापुढे वीस फूट लांब व आठ फूट रुंद ओसरी. एकूण ४०० चौरस फूट. चारी बाजूंस दोन-दोन फूट वळचण बाहेर काढली की छप्पर २४ फूट बाय २४ फूट, म्हणजे सुमारे ५३ चौरस मीटर होते, आणि वर सांगितलेला पाण्याचा हिशेब जुळतो. ओसरी उत्तरेस किंवा पूर्वेस असावी. पश्चिमेच्या भिंतीस खिडकी लहान ठेवून बाहेर कडुनिंब लावावा. पाचसहा वर्षांत तो दुपारचे ऊन अडवू लागतो. मोठे घर बांधण्याचा मोह आवरावा. मोठ्या घरास झाडलोट लागते, झाडलोटीस माणूस लागतो, आणि माणसास पगार लागतो. मग विसाव्याची जागा हीच नवी चिंता होऊन बसते.

हिशेबाचा मेळ

समजा, दोन तुकडे पाहण्यात आले. पहिल्याची किंमत १०० धरली तर दुसऱ्याची १५०. पहिल्यास वाट नाही, पाणी नाही, आणि जमीन खोल काळी आहे. तेथे दोन विंधणे घ्यावी लागतील व एखादे कोरडे जाईल; माघ ते वैशाख पाण्याची गाडी आणावी लागेल; विजेचे खांब दुरून आणावे लागतील; पाया दुप्पट खोल न्यावा लागेल; आणि वाटेकरिता शेजाऱ्याची मनधरणी जन्मभर करावी लागेल. दुसरा तुकडा बरड आहे, नकाशावरील शिवरस्त्यास लागून आहे, आणि शेजारच्या विहिरीने २०१५ साल काढलेले आहे. पाच वर्षांअखेर जमाखर्च मांडला तर पहिला स्वस्त तुकडाच महाग ठरेल, यात आम्हांस शंका नाही. सबब, हातातील सर्व रक्कम जमिनीत घालू नये. निम्म्याहून अधिक रक्कम पाणी, वाट, कुंपण, घर आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च यांकरिता बाजूस ठेवून उरलेल्या रकमेत बसेल तेवढीच भूमी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. स्वस्त मिळणारी जमीन पुष्कळदा एखाद्या शेतकऱ्याच्या नडीची असते. सलग दोन पिके बुडाली, आजारपण आले, सावकाराचा तगादा लागला, म्हणून तो विकावयास निघतो. आपण स्वतः शेतकरी आहो. अशा वेळी भाव पाडून घेण्यापेक्षा त्याची पडीक बरड तेवढी रास्त भावाने घ्यावी आणि काळी त्याची त्यास राहू द्यावी. त्यास नड भागविण्यापुरता पैसा मिळतो, आपणास घराची जागा मिळते, आणि शेजारही जोडला जातो. एकाकी घरास कुंपणापेक्षा शेजाऱ्याचा आधार अधिक मोठा असतो.

मुकुंदवाडीच्या भूमीवर आता पुनः औत चालावयाचे नाही. परंतु तेथील वृद्धांच्या गाठीस जो पैसा आहे, त्यातून त्यांचे नाव अजून एखाद्या सातबाऱ्यावर राहू शकते. ज्यांची शेते अद्याप शहराच्या वेशीबाहेर आहेत, त्यांनी या उन्हाळ्यातच आपल्या शिवारात एक फेरी मारावी आणि पीक न येणारा तो दगडाळ कोपरा नव्या दृष्टीने पाहावा. ज्यांस बाहेरच घेणे भाग आहे, त्यांनी पाणी वैशाखात, वाट श्रावणात, आणि कागद पैसे देण्यापूर्वी पाहावा. इतके केले म्हणजे भाव चार पैसे अधिक पडला तरी ती भूमी स्वस्तच मिळाली असे समजण्यास हरकत नाही.